अव्वाच्या चवीचं टरबूज

फोन आला तेव्हा छापखान्यात मशीन चालू होतं, म्हणून पहिल्यांदा मला काहीच ऐकू आलं नाही. लग्नसराईचे दिवस. परंड्यात माझा छोटा छापखाना आहे आणि या दिवसांत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. पलीकडून भाचा विजय काहीतरी बोलत होता, मी "थांब जरा, मशीन बंद करतो" म्हणत होतो, आणि मशीन थांबल्यावर जी शांतता झाली तिच्यात त्याचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं. "मामा, आई गेली." डायलिसिसला न्यायला रिक्षा दारात आली होती, अक्का चप्पल घालायला म्हणून पायरीवर बसली आणि तशीच एका अंगाला कलली. मी "बरं" म्हणालो. का म्हणालो कोण जाणे... माणूस अशा वेळी काहीही बोलतो. फोन ठेवला आणि मला आधी राग आला. आमचं एक बोलणं अर्धवट राहिलं होतं, ते पुरं न करता ही गेलीच कशी, असा राग. बार्शीवरून धाराशिवला जाणाऱ्या गाडीत बसल्यावर तो ओसरला आणि मग जे व्हायचं ते झालं. शेजारच्या बाईनं काही न विचारता पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली.

महानंदा तिचं नाव, पण मला ती कायम अक्का आणि तिला मी कायम बसू. आम्ही मूळ सास्तूरचे. घरात अव्वाशी, म्हणजे आईशी, कानडी आणि गल्लीत मराठी, अशी आमची दुहेरी जीभ. अक्का माझ्याहून बरीच मोठी. तिचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत जायला रडत होतो. धाराशिवला दाजींचं भुसार मालाचं दुकान होतं, बाहेरच्या वसाहतीत घर आणि घरामागं चांगली ऐसपैस जागा. लग्नात अव्वानं तिच्या ओटीत तांदूळ-खोबऱ्याबरोबर टरबुजाच्या बियांची पुरचुंडी घातली होती. आमच्या परसात ते टरबूज अव्वाच्या आईपासून चालत आलेलं. साल पांढुरकी, पट्टे अजिबात नाहीत, आतला गर फिक्कट गुलाबी आणि रवाळ. गोड तर होतंच, पण गिळल्यानंतर जिभेच्या कडांना किंचित आंबूस लागायचं, आणि त्या आंबूसपणामुळं दुसऱ्या फोडीला हात जायचा. असलं फिक्कं टरबूज बाजारात कुत्रंसुद्धा हुंगणार नाही, असं अप्पा म्हणायचे. अव्वा म्हणायची, मी कुठं बाजारात न्यायला लावलंय.

भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजसाठी अक्काकडं राहायला आलो होतो, म्हणून राहिलो. अव्वा आणि अप्पा राहिले नाहीत. त्याबद्दल मी इतकंच लिहीन. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही. गाव पुढं नव्या जागी वसलं, रुंद रस्ते झाले, सारख्या घरांच्या रांगा झाल्या, पण आमचं परस कुठं होतं हे आता मला नेमकं दाखवता येणार नाही. अव्वाचा एक फोटो होता, तोही घराबरोबर गेला. तिच्या हातचं म्हणावं असं अक्काच्या परसातल्या वेलांशिवाय काही उरलं नव्हतं. त्या वर्षी येळवस, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली वेळा अमावास्या, उलटल्यावर अक्कानं नेहमीसारखं बी ओल्या फडक्यात बांधून गव्हाच्या डब्यात ऊब धरायला ठेवलं, आळी केली, आणि उन्हाळ्यात पहिलं टरबूज उतरलं तेव्हा आम्ही दोघं मागच्या दारात बसून ते खाल्लं. मग अक्का तोंड पुसत म्हणाली, "अव्वाच हाय की रं ही." पुढं मी परंड्याला गेलो, छापखान्यात कामाला लागलो, लग्न झालं, स्वतःची मशीन घेतली, पण उन्हाळ्यात एकदा त्या दारात जाऊन बसण्याचं चुकवलं नाही.

तिच्याकडं टरबूज खायचं म्हणजे एक शिस्त होती. मध्ये परात ठेवायची, सगळ्यांनी भोवती बसायचं आणि तोंडातली बी परातीतच टाकायची. मातीत थुंकायची नाही, गिळायची नाही, पाहुणा असो की घरचा. नंतर ती सगळ्यांच्या तोंडातल्या बिया एकत्र धुऊन, बंबातल्या राखेत घोळून वाळवायची. बऱ्याच लोकांना याची किळस वाटायची आणि अक्काला त्याचं काही वाटायचं नाही. विजयच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले, तेव्हा व्याह्यांनी समोरची परात पाहून हात धुवायची सोय समजून त्यात चूळ भरली. सगळे गार पडले. अक्कानं शांतपणे हात घालून तळातल्या बिया वेचून घेतल्या आणि म्हणाली, "भिजल्यात, बरंच झालं." व्याह्यांची मुलगी अश्विनी पुढं सून म्हणून आली ती असा किस्सा पाठीशी घेऊनच. ती फटकळ. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, पण अश्विनीच्या तोंडचं 'आत्या' बहुतेक वेळा वाद सुरू करायलाच असायचं. दोघींचं जमायला बरीच वर्षं गेली.

मग एका साली ते टरबूज बिघडलं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एका हौशी गृहस्थानं दुकानातलं पट्ट्यापट्ट्यांचं टरबूज लावलं होतं. कुंपण माणसाला कळतं, मधमाशीला नाही. त्या उन्हाळ्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात अक्काच्या वेलांना हिरवे पट्टे असलेली फळं धरली. कापलं तर आत लालभडक. नातवंडं नाचायला लागली, विजय म्हणाला, "आई, ह्या साली लई भारी निघालं की गं," आणि खरंच साखरेसारखं गोड होतं ते. अक्का मात्र सुरी तशीच हातात धरून खाली बसली. दरसाल ताजं बी पेरायचं आणि उरलेलं वाटून टाकायचं ही तिची रीत, त्यामुळं घरात जुनं बी नव्हतं. ज्यांना बी दिलं होतं त्यांच्याकडं तिनं चौकशी केली. कुणी लावलंच नव्हतं, कुणी लावून खाऊन विसरलं होतं. तिनं मला फोन केला आणि काय झालं ते सांगताना ती रडली. टरबुजासाठी कुणी रडतं का, असं ऐकणाऱ्याला वाटेल. मला वाटलं नाही.

तिनं ते परत आणायचं ठरवलं. पट्टेवाल्या फळांतच आपलं टरबूज कुठंतरी दडलेलं आहे, दरसाल पांढुरकी फळं तेवढी निवडत गेलं की ते बाहेर येईल, असं तिचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. पण आता माशीवर विश्वास ठेवायची तिची तयारी नव्हती. ज्या फुलामागं इवलंसं टरबूज असतं ते मादी फूल. उद्या उमलणार असं मादी फूल आणि त्याच वेलाचं एक नर फूल आदल्या संध्याकाळी हेरायचं, दोन्हींवर मलमलीच्या लहान पिशव्या चढवायच्या, सकाळी ऊन चढायच्या आत पिशव्या काढून नर फूल मादीवर फिरवायचं आणि पुन्हा बांधून टाकायचं. धरलेल्या फळाच्या देठाला खूण म्हणून दोरा. तो दोरा मी पुरवायचो. लग्नपत्रिकांना लावायचे रेशमी गोंडे उरायचे, ते पिशवीभर घेऊन जायचो. लाल-पिवळे गोंडे लटकवलेले ते वेल बघून अश्विनी म्हणायची, "आत्या, टरबूज लावलंय का लगीन काढलंय?" अक्का म्हणायची, "लगीनच हाय. तुझ्या बापानं चूळ भरू नये म्हंजी झालं."

त्याच सुमाराला तिच्या पायांवर सूज दिसायला लागली. तपासण्या झाल्या आणि दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेल्याचं कळलं. डायलिसिस सुरू झालं. पाणी मोजून प्यायचं, मीठ नाही, फळं जवळजवळ नाहीतच, आणि डॉक्टर म्हणाले, टरबुजाकडं तर बघायचंसुद्धा नाही. "बगायला काय हरकत हाय वो, डॉक्टर?" असं तिनं विचारलं होतं म्हणे. हसण्यावारी नेलं, पण खरी अडचण मोठी होती. रंग डोळ्यांना कळतो, साल बोटांना कळते, पण चव? कुठल्या फळाचं बी राखेत ठेवायचं आणि कुठलं कढईत भाजून पोरांना द्यायचं, हे चाखल्याशिवाय ठरणार कसं? घरातले सगळे सगळ्याच फळांना गोड म्हणायचे. तिला गोडाचं काही पडलंच नव्हतं. मग तिनं मला बोलावलं. म्हणाली, "बसू, तू ये. तुझ्याच तोंडात अव्वाचं टरबूज हाय आता."

त्या पहिल्या वेळेचा विचार आजही मला नकोसा होतो. मार्चचं ऊन, मागचं दार, मध्ये परात. अक्का समोर पाटावर. तिच्या दिवसभराच्या पाण्याचं फुलपात्र शेजारी झाकून ठेवलेलं, त्यातलं किती उरलंय हे ती अधूनमधून झाकण उचलून बघायची. ओठांना भेगा पडलेल्या. आणि तिच्यासमोर मी रस गळणारी फोड हातात घेऊन बसलेलो. मला गिळवेना. मी तिच्याकडं पाठ केली तर ती ओरडली, "हिकडं तोंड कर. मला तुझं तोंड बगायचंय." मी चावत होतो आणि तिची नजर माझ्या जबड्यावर होती, तिचे स्वतःचे ओठही नकळत हलत होते. घास खाली गेल्यावर तिनं अव्वाच्या भाषेत विचारलं, "अदेना?" म्हणजे तेच का. अव्वा गेल्यापासून आम्ही आपसांत कानडी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "अल्ल." नाही. तिनं मान हलवली, "बरं" म्हणाली आणि परात कढईकडं सरकवली.

दुसऱ्या साली ते जवळ आलं होतं. साल तीच, गर तसाच रवाळ, पण गिळल्यावर जिभेला जे लागायला हवं ते लागत नव्हतं. मी तसं सांगितलं. अश्विनी मागून म्हणाली, "व्हय म्हणा की मामा, काय बिघडतंय? त्यांच्या जिवाला तेवढंच बरं." अक्का उसळली. "माझ्या जिवाला बरं वाटाया न्हाय लावलं मी हे!" म्हणाली. "हा एकटाच खरं बोलतोय, त्याला बी तू बिघडीव." मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटला होता. जवळ आलेल्या फळाचं बी तिनं राखेत ठेवलं, बाकीचं भाजलं.

यंदा तिला वाकता येत नव्हतं. सुया टोचून टोचून हात काळानिळा पडला होता, डायलिसिसहून आली की दुसऱ्या दिवसापर्यंत उठायची नाही. अक्का खाटेवरून सांगायची आणि अश्विनी फुलं बांधायची. "दोरा ढिला हाय", "उजेड व्हायच्या आत उठत जा", "ते न्हाय, त्याच्या पलीकडचं" असं दिवसभर चालायचं आणि अश्विनी तोंडाचा पट्टा सोडत का होईना, सगळं करायची. वेलावर एकच फळ ठेवायचं, बाकीची खुडायची, हे काम मात्र अश्विनीला जमेना; ती खुडलेली बारकी फळं पदरात घेऊन उगाच उभी राहायची. फळाजवळचा तणावा, तो स्प्रिंगसारखा वळलेला तंतू, वाळला, म्हणजे फळ पिकलं, तेव्हा मला निरोप आला. सीझन जोरात होता, तरी मी सकाळच्या गाडीनं गेलो.

अश्विनीनं फळ कापलं. मी पहिला घास घेतला. गोड लागलं, काकडीसारखा कोवळा वास आला, मी गिळलं... आणि जिभेच्या दोन्ही कडांना ते लागलं. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. सास्तूरच्या परसातला हौद, हौदावर पालथी घातलेली घागर, आणि अव्वाचा हात मला फोड देतोय, हे सगळं स्पष्ट दिसलं. अक्का बघत होती. "अदेना?" तिनं विचारलं.

"हौद," मी कानडीत म्हणालो. होय. "हौद अक्का. तेच हाय."

मला वाटलं होतं ती हसेल, रडेल. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "तू बी गोड बोलाया लागलास व्हय, बसू?"

मी चिडलो. म्हणालो, "दोन साल न्हाय म्हणलो तवा तुला पटलं, आन् आज व्हय म्हणतोय तर पटंना?"

"तवा मी बरी व्हते," अक्का म्हणाली. "आता डॉक्टर गोड बोलतोय, इजू गोड बोलतोय, ही अश्विनी माझ्याशी भांडंना झालीया. म्या काय खुळी हाय व्हय?"

मी शपथ घेतली, तरी तिचा चेहरा बदलला नाही. ज्या एका गोष्टीसाठी तिनं माझ्यावर भरवसा टाकला होता, ती शेवटी घडली आणि नेमकं तेव्हाच तिला माझं खरं वाटेना. तिला दुसरा कुणी विचारायलाही नव्हतं. खाल्लं घरात सगळ्यांनी होतं, पण ती चव ओळखणारी माणसं जगात दोनच, आणि त्यातल्या एकीला खायची बंदी. दुपारची गाडी गाठायची होती. निघताना मी म्हणालो, "पुन्हा येतो, तवा बोलू." तिनं नेहमीसारखं "सावकाश जा" म्हटलं. पुन्हा आलो तो तिला माती द्यायला.

आम्ही लिंगायत, आमच्यात दहन नाही. माणसाला बसवतात, कपाळाला भस्म लावतात, मांडीवर बेल ठेवतात आणि तसंच मातीत ठेवतात. अक्का मागच्या दारात बसायची तशीच बसली होती, फक्त डोळे मिटून. कुणीतरी माझ्या हातात मूठभर माती दिली. ती टाकताना मी तिला मनातल्या मनात पुन्हा एकदा सांगितलं, की मी खोटं बोललो नव्हतो. इतकी माणसं भोवती असताना, जंगमांचं मंत्र म्हणणं चालू असताना मी मनात वाद घालत होतो, याची आता लाज वाटत नाही. आम्ही भाऊ-बहीण होतो.

सगळं आटोपल्यावर, पाहुणे पांगल्यावर, अश्विनीनं मला अक्काच्या खोलीत बोलावलं. खाट रिकामी केलेली, भिंतीवरच्या फळीवर इष्टलिंगाच्या पूजेचं सामान तसंच. खिडकीत एक स्टीलची ताटली होती आणि तिच्यात धुतलेल्या बिया पसरलेल्या. "त्या दिवशीच्या हाईत," अश्विनी म्हणाली. मग तिनं सांगितलं ते असं. मी गेल्यावर अक्का बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडून होती. संध्याकाळी उठली आणि म्हणाली, मला त्यातली एक फोड दे. अश्विनी नाही म्हणाली. मग अक्का म्हणाली, नखाएवढी दे, चावते आणि थुकते, गिळत न्हाय. अश्विनीनं दिली. अक्कानं डोळे मिटून तो तुकडा तोंडात धरला, कितीतरी वेळ धरला, आणि मग परातीत थुंकला.

"मी इचारलं त्यांना, तेच हाय का आत्या," अश्विनी सांगत होती. "काही बोलल्याच न्हाईत. नुसतं म्हणल्या, बसूला फोन लाव. मी लावला. वाजायच्या आत म्हणल्या, ऱ्हाऊ दे, गाडीत असंल, ऐकू यायचं न्हाय. आला की तोंडावर सांगते."

"तोंड कसं झालं होतं तिचं?" मी विचारलं.

"डोळ्यांत पाणी होतं, मामा. पण ते चवीचं होतं, का इतक्या दिवसांनी तोंडात गार लागलं म्हणून होतं... मला नाय कळलं. आन् त्या दिवशी मी भांडायला पायजे होतं, पुन्हा पुन्हा इचारायला पायजे होतं." बिया अक्कानं स्वतः धुतल्या होत्या, बसल्या बसल्या, आपल्या वाट्याच्या पाण्यातलं थोडं पाणी घेऊन. राखेत घातल्या नव्हत्या, कढईतही टाकायला दिल्या नव्हत्या. खिडकीत ठेव म्हणाली होती, एवढंच. "आता ह्यांचं काय करू?" अश्विनीनं विचारलं.

मी म्हणालो, राखेत ठेव. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमाला वाटतंय म्हणून, का आत्याला वाटलं असंल म्हणून?" मी ताटलीतल्या बिया बोटानं सारख्या केल्या. मला तेव्हा पक्कं माहीत होतं की ते अव्वाचं टरबूज आहे. आता, इतके आठवडे गेल्यावर, रोज जीभ घोळवून ती चव आठवायला गेलं की कधी ती येते, कधी येत नाही. अक्का विचारायची तोवर माझ्या तोंडात ती होती. विचारणारं गेलं आणि मला माझीच खात्री वाटेनाशी झाली.

ताटली अजून त्या खिडकीतच आहे. अश्विनी रोज खोली झाडते, ताटली उचलते, खालची धूळ पुसते आणि पुन्हा तिथंच ठेवते, असं विजय सांगतो. परवा मी तिला फोन केला. म्हणालो, हवा दमट व्हायला लागली आहे, बी सादळेल, बुरशी धरेल, माझं ऐक आणि राखेत घालून टाक. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी या, मामा. आन् माझ्याकडं बगून सांगा."